गाडीवरचा खडू

राळेगाव तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारा कास्तकार राहत होता. चार एकर वावर, एक बैलजोडी आणि मुलाने पुण्याहून पाठवलेला एक मोबाईल. मोबाईल तसा कुणा एकाचा नव्हता. म्हातारा त्यावर कापसाचा भाव पाहायचा, म्हातारी बातम्या वाचायची, आणि शेजारपाजारचे गरज पडली की मागून न्यायचे. मागायला आलेल्याला नाही म्हणायची त्या घराची रीत नव्हती.

मृग लागायला आठ दिवस उरले होते. म्हातारी ओसरीवर बातमी वाचत बसली होती. बातमीच्या मधोमध एक चौकोन उघडला. सोनं ठेवा, लगेच पैसे न्या, असं त्यात लिहिलं होतं. तिने तो वर सरकवला. दुसऱ्या बातमीत तोच चौकोन आला. संध्याकाळी लोणच्याचा मसाला पाहायला गेली, तर तिथेही तोच. तिचा हात गळ्यातल्या पोतीकडे गेला.

म्हातारा वावरातून आला तेव्हा तिने पाणीही दिलं नाही.

"माही पोत गहाण टाकून राह्यले का तुमी?"

"कोनं सांगतलं तुले?"

"ह्या फोननं."

म्हाताऱ्याने विठोबाची शपथ घेतली. म्हातारीने ऐकून घेतलं आणि ताट पुढे सरकवलं. त्या रात्री घरात दुसरा शब्द झाला नाही.

सकाळच्या एसटीने म्हातारा तालुक्याला गेला. गावातली एक मुलगी यवतमाळला कॉम्प्युटर शिकून आली होती आणि स्टँडजवळ ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवत होती. म्हाताऱ्याने तिच्यासमोर फोन ठेवला.

"माय, हा फोन आमचं बोलनं ऐकते का?"

मुलीने फोन चाळला. "कोनं ऐकलं नाही, आबाजी. या फोनवर कोनीतरी सोनेतारण कर्जाचं पान उघडून पाह्यलं."

"मी तं नाही पाह्यलं."

"मंग दुसऱ्या कोनं पाह्यलं असंन."

म्हातारा गप्प झाला. परवा शेजारी फोन मागून घेऊन गेला होता आणि बराच वेळ निंबाखाली एकटाच बसला होता. पाऊस बघतो, म्हणाला होता.

मुलीने मग समजावून सांगितलं. इंटरनेटवरचं पान मुळात विसराळू असतं. एक पान देऊन झालं की समोर कोण होतं हे त्याला आठवत नाही. टोपलीत वस्तू टाकून गिऱ्हाईक पुढच्या पानावर गेलं, की दुकानाला ते नवंच वाटायचं. यावर १९९४ साली अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली नावाच्या तरुणाने तोड काढली. दुकानाने गिऱ्हाइकाच्याच कॉम्प्युटरवर एक छोटी चिठ्ठी ठेवायची आणि त्याने पुढच्या वेळी ती आपोआप दाखवायची. तिचं नाव कुकी.

"म्हंजे टोकन," म्हातारा म्हणाला.

त्याने एकाधिकार खरेदीचे दिवस पाहिले होते. १९७२ पासून सरकार कापूस घेऊ लागलं, तेव्हा खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची. हातात टोकन असायचं. ग्रेडरला टोकन दाखवायचं, काट्यावर टोकन दाखवायचं. टोकन हरवलं की माणूस पुन्हा रांगेच्या शेपटीला.

"बरोबर," मुलगी म्हणाली. "ते टोकन तुमच्याच कामाचं. तुमी भावाच्या साइटवर एकदा राळेगाव निवडलं, आता ते दरवेळी राळेगावच दाखवते ना? तेच हे. पन आता असं समजा, का त्या केंद्रावर कोन्या सावकाराचा पोऱ्या खडू घेऊन उभा हाय. तो तुमच्या गाडीवर एक खूण करते. वनीच्या केंद्रावर त्याचाच दुसरा पोऱ्या. पांढरकवड्याले तिसरा. तुमचं नाव कोनाले ठाव नाही, पन खूण दिसली का त्याइले समजते."

म्हाताऱ्याने मान हलवली. पुढचं त्यानेच सांगितलं. "का हा गडी वनीहून परत आला, याले पैशाची नड हाय."

"ह्या तिसऱ्याच्या कुकीज. बातमीचं पान एकाचं, कर्जाचं पान दुसऱ्याचं, पन दोन्हीत जाहिरात लावनारा एकच."

म्हातारा म्हणाला, सगळंच पुसून टाक. मुलीने आधी वही काढायला लावली. सगळं पुसलं की जिथे जिथे आत शिरून ठेवलंय तिथून बाहेर पडाल, पासवर्ड लिहून ठेवा. म्हाताऱ्याला पासवर्ड आठवत नव्हते. तेव्हा तिने जाहिरातींच्या खुणा तेवढ्या शोधून काढल्या आणि भावाचं टोकन राहू दिलं. मग क्रोमचं सेटिंग उघडून तिसऱ्याच्या कुकीज बंद केल्या. आयफोनमधला सफारी त्या आपणहून अडवतो, क्रोमला मात्र सांगावं लागतं. जाहिरातवाल्यांच्या वहीत आधी जे लिहिलं गेलं ते यातून खोडलं जात नाही, आणि फोनमधल्या ॲपची गोष्ट निराळी, त्यांची ओळखखूण वेगळ्या जागी बंद करावी लागते, हेही तिने सांगितलं. तीही बंद केली.

शेवटी एक नवीन साइट उघडून दाखवली. खालून एक पाटी वर आली. तिच्यावर सगळं स्वीकारण्याचं बटण ठळक निळं होतं. नाकारण्याचं बटण शोधायला म्हाताऱ्याला चष्मा लावावा लागला. सगळं इंग्रजीत होतं.

"हे आपल्या भाषेत काऊन नाही?"

"लोकाइची माहिती जपाचा कायदा झाला २०२३ साली. मराठीत मागितलं तं मराठीत सांगा लागन. आन् हो म्हननं जेवढं सोपं, तेवढंच मागं घेनंही सोपं ठेवा लागन. नियम नोव्हेंबर २०२५ मंदी आले. पुरं लागू व्हाले अजून वेळ हाय. तवरक चष्मा लावा."

म्हातारा घरी आला. म्हातारीला त्याने टोकनाची आणि खडूची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग पाह्यलं कोनं?"

"कोनं पाह्यलं ते आपल्याले काय करा लागते?"

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तिने कुंपणापलीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. रात्री ती म्हणाली, त्याइच्या घरी सरकीच्या दोन थैल्या कमी पडत असतीन तं आपल्यातल्या देऊ. म्हातारा हो म्हणाला. मात्र द्यायला तो लगेच गेला नाही. दोन दिवसांनी बैल धुताना त्याने गोष्टीत गोष्ट काढली, की औंदा मुलाने बियाणं जास्तीचं आणून टाकलं, घरात ठेवलं तर उंदीर खातील, तुझ्याकडे टाकतोस का. शेजाऱ्याने थैल्या नेल्या. पैसे दिवाळीत देईन म्हणाला.

शेजाऱ्याची नड त्या एका निंबाखालच्या बैठकीतून दोघांना कळली होती, खडूवाल्याला आणि म्हाताऱ्याला. खडूवाल्याने ती दुसऱ्याच दिवशी तीन पानांवर टांगली, आणि तीही चुकीच्या घरात. खूण ठेवणं वाईट नव्हतं, भावाचं टोकन अजून त्याच फोनमध्ये होतं. ती कुणाच्या कामासाठी ठेवली आणि कुणाला दाखवली, एवढाच फरक. तो कळायला म्हाताऱ्याला कॉम्प्युटर शिकावा लागला नाही, पण सेटिंग मात्र कुणाकडून तरी दाखवून घ्यावं लागलं.

पेरणी झाली. आखाडाच्या सुरुवातीला शेजारी पुन्हा फोन मागायला आला. पाऊस बघतो, म्हणाला.

म्हाताऱ्याने फोन लगेच दिला नाही. मुलीने दाखवलं होतं तसं तीन ठिपक्यांवर बोट ठेवून खासगी खिडकी उघडली, आणि मग दिला.

"हे काळं काळं काऊन दिसून राह्यलं?" शेजाऱ्याने विचारलं.

"तुह्यं काम झालं का ते बंद करजो. बंद केलं का त्यातल्या चिठ्ठ्या जातात. मोबाईल कंपनीले आन् त्या साइटवाल्याले तू दिसतंच, ते काई जात नाही. पन या घरातल्या कोनाले दिसत नाही."

शेजारी जरा थांबला. "मले पाऊसच पाहाचा हाय," तो म्हणाला.

"पाय ना मंग. मी काय म्हनलं?"

दोघेही हसले. म्हातारीने आतून चहाला विचारलं.