डायरी त्याची, डोळे बाईंचे

कोथरूड, मयूर कॉलनी. मावशीनं कुमारांसाठी कादंबरी लिहिली आहे. नायक आठवीतला, डिस्लेक्सिया असलेला. भाचा पंचविशीचा, दहावीला लेखनिक घेऊन बसलेला. कादंबरी त्यानं फोनकडून वाचून घेतली.

भाचा : पोराची डायरी खोटी वाटली गं.

मावशी : खोटी? चुकासुद्धा खऱ्या ठेवल्यात मी. 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म', वेलांटी भलत्याच अक्षराला, जोडाक्षरं फुटलेली.

भाचा : फोननं वाचताना निम्म्या ऐकूच आल्या नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ कानाला सारखंच. आणि डायरी तो स्वतःसाठी लिहितोय ना? मला माझं लिहिलेलं बरोबरच दिसायचं. चूक कळायची ती बाईंनी लाल गोल केल्यावर. तू डायरी त्याची दिलीस आणि डोळे बाईंचे.

मावशी : पण सगळं शुद्ध लिहिलं, तर त्याला लिहिताना किती कष्ट पडतात हे वाचणाऱ्याला कळणार कसं? तो म्हणेल, आळशीच होता.

भाचा : आणि चुका दिसल्या की हसेल. हे कोथरूड आहे, मावशी. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकली तरी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो.

(भाचा थोडं वाढवून बोलला, फार नाही. शुद्धलेखनावरून माणसाची पायरी ठरवायची खोड आपल्यात जुनी आहे. चौदा वर्षांचा वाचक ती घरूनच घेऊन येतो.)

मावशी : मग दाखवू काय?

भाचा : प्रकट वाचन. पहिल्या बाकापासून एकेकानं एकेक परिच्छेद. धडा मी कधी ऐकलाच नाही. पुढची मुलं मोजायची, आपल्या वाट्याचा परिच्छेद हुडकायचा, शेजाऱ्याकडून हळूच वाचून घेऊन पाठ करायचा. आणि बाईंनी मध्येच एखाद्याला दोन परिच्छेद वाचायला लावले की संपलं. या सगळ्याला एकही अशुद्ध शब्द लागत नाही.

मावशी : हे घेते. पण उत्तरपत्रिका? ती आईच्या हातात पडते.

भाचा : तिथं दाखव की, लाल शाईसकट. तिथं बघणारी आई आहे.

मावशी : शेवटी तो तबल्याची स्पर्धा जिंकतो, ते तरी राहू दे?

भाचा : का म्हणून? २००७ला डिस्लेक्सिया असलेल्या, चित्रं काढणाऱ्या मुलाचा 'तारे जमीन पर' हा सिनेमा आला आणि हा आळस नव्हे, हे घराघरांत कळलं. मोठे उपकार. पण पुढे जो तो मला विचारायचा, चित्रं काढतोस का? कादंबरीतल्या पर्सी जॅक्सनला अक्षरं तरंगताना दिसतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलाय आणि बाप समुद्राचा देव आहे. माझे बाबा बँकेत.

मावशी : रिक रिओर्डननं ती गोष्ट आधी स्वतःच्या मुलाला सांगितली. त्यालाही डिस्लेक्सिया होता. बापानं पोराला शूर केलं तर बिघडलं कुठे?

भाचा : त्या पोराचं काहीच नाही. बिघडतं ते ज्याला तबलाही येत नाही त्याचं. त्यानं आधी काहीतरी जिंकायचं, मग आपण त्याला समजून घ्यायचं!

मावशी : तबला ठेवते. आवडतो त्याला. स्पर्धा काढते.

भाचा : चालेल. आता सांग, ज्याच्यावर लिहिलंस तो ही दोनशे पानं वाचणार कशी?

मावशी : प्रकाशक म्हणतात, ऑडिओचं पुढे बघू.

भाचा : पुढे कधी? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता नावानिशी आहे. छापील पान ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी सुलभ प्रत करायची मुभा कॉपीराइट कायद्यानं २०१२च्या दुरुस्तीत दिली. छापील पुस्तक आणि ऑडिओ एकाच दिवशी निघेल, असं करारात घाल. आणि त्यावर सही झाल्याशिवाय हस्तलिखित देऊ नकोस.