आईचं ‘हो’ आणि आईचं ‘नाही’

मागच्या हिवाळ्यात इथे बेलव्ह्यूमधल्या एका हॉस्पिटलात माझी आई चार दिवस होती. वय ७८, सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेली. आधी दोन दिवस ती गप्प गप्प होती, मग चालताना तोल जाऊ लागला आणि एका सकाळी तिने मला तिच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. आम्हाला वाटलं, स्ट्रोक. निघालं सोडियम. रक्तात लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असायला हवं, तिचं होतं ११८.

सोडियम उतरलं म्हणजे मीठ कमी खाल्लं, असं आपल्याला वाटतं. बहुधा तसं नसतं. सोडियमच्या मानाने रक्तात पाणी जास्त झालेलं असतं. उतारवयात जादा पाणी बाहेर टाकायची मूत्रपिंडांची ताकद कमी होते. त्यात रक्तदाबावरची थायझाइड गटातली गोळी, नैराश्यावरची काही औषधं, कमी झालेलं जेवण यांची भर पडते. आईची गोळी चालू होतीच, आणि ‘भरपूर पाणी पीत जा’ हा सल्ला माझा होता. मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या फुगतात, म्हणून माणूस असंबद्ध बोलू लागतो. उपचारात घाईही चालत नाही. सोडियम फार वेगाने वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून दिवसाला साधारण ८ची मर्यादा पाळतात. म्हणजे भ्रमाचे काही दिवस काढावेच लागतात.

त्या दिवसांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

पहिल्या रात्री आई सलाईनची सुई उपटायला लागली. “मला घरी ने. इथे माझं कोणी नाही.” नर्सने विचारलं, काय म्हणतात त्या? मी म्हटलं, भ्रमात काहीतरी बोलतेय. फोनवर दुभाषी मिळत होता, मीच नको म्हणालो. थोड्या वेळाने तिला स्कॅनला न्यायचं होतं. विचारल्यावर तिने नुसती मान हलवली. ते मात्र आम्ही सगळ्यांनी ‘हो’ म्हणून धरलं.

सोडियम दोन्ही वेळा तेच होतं. तिचं ‘हो’ चाललं, ‘नाही’ चाललं नाही.

सुई उपटू दिली नाही, ते बरोबरच होतं. ती काढल्यावर काय होईल, हे तिला समजत नव्हतं. पण निर्णय घ्यायची क्षमता प्रत्येक निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती पाहायची असते. मी तिच्या सगळ्याच बोलण्यावर एकदम काट मारली. वॉशिंग्टन राज्याचा कायदाही नातेवाइकाला आधी हेच विचारायला लावतो, की शुद्धीत असती तर तिने काय ठरवलं असतं? ते कळायला मार्गच नसेल, तर मग आपण तिचं हित ठरवायचं.

चौथ्या दिवशी सोडियम १३२ झालं. आई मला माझ्या नावाने हाक मारू लागली. घरी जायचं तिने काढलं नाही, आणि मला हायसं वाटलं. कारण तिच्या ग्रीन कार्डाचे कागद तयार होते. दोन महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरात तिने त्याला ‘बरं’ म्हटलं होतं. त्या दिवशी तिचं सोडियम किती होतं, कोणी पाहिलं होतं? उत्तर मला हवं तेच आलं, म्हणून तपासावंसं वाटलं नाही.

पुढे दहा दिवसांनी, १३७चा रिपोर्ट आल्यावर, चहा घेताना मी विचारलं. आई थोडा वेळ कपाकडे पाहत राहिली. “इथे कोणी नाही असं कसं म्हणेन? तू आहेस. पण मला घरीच जायचंय रे.”

साताऱ्यात ती एकटी असेल, गोळ्या-तपासण्या कोण बघणार, ही काळजी खरीच आहे. त्यावर आम्ही दोघांनी तासभर वाद घातला. निदान या वेळी तो तिच्याशी घातला.

तुमच्याही घरी आई-बाबा येत असतील. कधी अशी वेळ आलीच, तर दुभाषी घ्या. ते भ्रमात जे बोलतील ते लिहून ठेवा, आणि सोडियम जागेवर आलं की पुन्हा विचारा. मुख्य म्हणजे, त्यांच्या ‘नाही’ला जी कसोटी लावता, तीच ‘हो’लाही लावा.

आईचं तिकीट मार्चचं काढलं आहे.