टापेखालची माती आणि वाटेवरचा बैल

आषाढीच्या वारीत रिंगण लागले, की साऱ्या भाविकांची नजर एकाच ठिकाणी खिळते. अंकलीहून आलेले दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, कारण त्यावर माउली आरूढ आहेत अशी आपली श्रद्धा. दौड संपली, की लहानथोर धावतात आणि टापेखालची माती कपाळाला लावतात. आम्हीही लावतो.

पण वाचकहो, एक प्रश्न आमच्या मनाला पुष्कळ दिवस टोचतो आहे. देव त्या एका अश्वापाशीच आला, की तो सर्व जिवांत होताच आणि आपण त्याला तेवढा तिथे ओळखला?

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला आपल्या विभूती सांगतात. वृक्षांत अश्वत्थ, अश्वांत उच्चैःश्रवा, पक्ष्यांत गरुड. आणि एवढे सांगून झाल्यावर शेवटी म्हणतात, की सारे जगच आपल्या एका अंशाने व्यापले आहे. मग आधी ती यादी कशाला? पंतोजी पोराला आधी मोठे अक्षर गिरवायला देतात, त्यातलाच हा प्रकार. पण मोठे गिरवून झाले, की बारीकही वाचता आले पाहिजे. रिंगणातला अश्व हे मोठे अक्षर. वाटेवरचा बैल, पालाशी घुटमळणारे कुत्रे, बांधावरची बाभळ, ही बारीक अक्षरे.

ती आम्हांला वाचता येतात काय? खरे सांगतो. एका वारीत दिवे घाट चढताना सामानाच्या गाडीचा एक बैल गुडघ्यांवर बसला. तोंडाला फेस आला होता, आणि गाडीवान पराणी टोचत होता. आमच्याजवळ पाणी होते. पण दिंडी पुढे जाईल, सासवडचा मुक्काम गाठायचा आहे, या घाईत आम्ही टाळ वाजवीत पुढे निघून गेलो. मुखात विठ्ठल होता, आणि मागे विठ्ठलच तहानेला राहिला.

नाथमहाराजांची कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली! रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. आपण माना डोलावतो; पण नाथांनी काय सोडले इकडे लक्ष जात नाही. नुसते पाणी नव्हे, एवढ्या पायपिटीचे पुण्य सोडले. आमच्याने एक मुक्काम उशिरा गाठवला नाही! याच नाथांनी १५७३ साली काशीत एकादश स्कंधावरची टीका पुरी केली. त्यातल्या अवधूताने पृथ्वी, वारा, समुद्र, कबुतर, अजगर, मधमाशी, कोळी असे चोवीस गुरू केले. ज्याला गुरू म्हणायचे, त्याला पराणी कशी टोचायची?

इथे एखादा शेतकरी वारकरी विचारील, ‘महाराज, मग बैल औताला जुंपायचाच नाही का? फाळाखाली किडामुंगी मरते, तिचं काय?’ प्रश्न खरा आहे. गोड बोलून तो टाळणे बरे नव्हे. देह आहे तोवर दुसऱ्या जिवाला काहीच न दुखविता पोट भरत नाही. पण टळत नाही ती हिंसा निराळी, आणि घाईने, लोभाने केलेली निराळी. पहिलीबद्दल मान खाली असावी, दुसरी सोडावी. बैलाकडून काम घ्यावे, पण त्याचे पाणी, सावली, विसावा हे आपले उपकार नव्हेत, त्याचे देणे आहे. पोळ्याच्या एका पुरणपोळीने ते वर्षाचे फिटत नाही. तसेच चंद्रभागेचे. तिला माय म्हणून बुडी मारायची आणि पत्रावळ्या, जुने कपडे तिच्याच पात्रात टाकून यायचे, हे कोणते स्नान?

तेव्हा येत्या वारीला टापेखालची माती जरूर कपाळी लावावी. मात्र ती लावून परत फिरताना वाटेत कोणी मुका जीव तहानेला दिसला, तर दिंडी पुढे गेली तरी चालेल, तांब्या आधी त्याच्यापुढे धरावा. आम्हीही तसे ठरविले आहे. पंढरी काही पळून जात नाही; विटेवरचा तो कमरेवर हात ठेवून वाट पाहत उभाच आहे.

रामकृष्णहरि!