दात्याचे स्वत्व

वऱ्हाडात हेमाद्रीचे नाव दगडाशी जोडले गेले आहे. अमडापूरहून चिखलीकडे अथवा पुढे मेहकर-लोणारकडे जाणाऱ्या वाटसरूस जुने पाषाणाचे देऊळ दिसले की तो त्यास हेमाडपंती म्हणून मोकळा होतो. परंतु देवगिरीच्या यादवांच्या या करणाधिपाने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या दानखंडात औषधे व निष्णात वैद्य यांनी युक्त अशी आरोग्यशाला स्थापण्याचे पुण्य पुराणाधारे वर्णिले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चारही पुरुषार्थ देहाच्या आरोग्यावर अवलंबून असल्यामुळे ज्याने आरोग्य दिले त्याने सर्वच दिले.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी दानाची व्याख्या मोठी कठोर केली आहे. वस्तूवरील आपले स्वत्व निवृत्त होऊन तेथे दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न झाले पाहिजे, एवढ्यालाच दान म्हणावयाचे. अन्नदानात हे सुलभ असते, कारण घेणारा पंगतीत समोर बसलेला असतो. वैद्यकाच्या शिक्षणासाठी धन देणारा मात्र ज्याला देतो तो रुग्ण कदाचित अद्याप जन्मलेलाही नसतो. तो दात्यास ओळखणार नाही, नमस्कार करणार नाही, आणि म्हणूनच हे दान निष्काम कर्माच्या अधिक निकट जाते, अशी माझी श्रद्धा आहे.

तथापि येथे एक बिकट प्रश्न उभा राहतो. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभारलेले मुंबईचे रुग्णालय 1845 साली खुले झाले आणि त्याच वर्षी त्याच्या शेजारी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तेथून 1851 साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. पोरक्या वयात व्यापारात उतरलेल्या जमशेटजींची संपत्ती चीनच्या व्यापारातून आली, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. एकीकडे ज्या पदार्थाने दूरदेशीची माणसे झिजली, त्याच्याच नफ्यातून येथे माणसे बरी व्हावीत, हे पाहून मन अस्वस्थ होते. दानाने धनाचा दोष धुतला जातो असे मला म्हणवत नाही. कमाई आणि दान यांची खाती एकाच खतावणीत असली तरी एकाची बाकी दुसऱ्यात वळती करता येत नाही. परंतु रुग्णाच्या खाटेवर निजलेल्या दीनाने त्या कारणास्तव औषध नाकारावे, असेही कोणता धर्म सांगेल? दोष दात्याकडे राहतो, उपकार मात्र खराच असतो.

दानास अट घालावी काय, हा दुसरा प्रश्न. मुंबईच्या परळ भागात 1926 साली सुरू झालेल्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीस विश्वस्तांनी अशी शर्त जोडली होती की, अध्यापक सर्वस्वी सुयोग्य भारतीय असावेत आणि ते सरकारी नोकरीतील नसावेत. परकीय अंमलात वैद्यकीय अध्यापनाची दारे एतद्देशीयांस दुर्लभ असता घातलेली ती शर्त मला अहंकाराची वाटत नाही. तिचे फळ दात्याच्या घरी परत यावयाचे नव्हते. जी शर्त दात्याचेच स्वत्व जिवंत ठेवते, तीच निषिद्ध मानावी.

त्या कसोटीवर टाटा स्मारक रुग्णालय उंच ठरते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, दुसऱ्याच वर्षी सर दोराबजीही निवर्तले, आणि त्यांच्या विश्वस्तनिधीतून 1941 साली हे रुग्णालय उघडले. पुढे 1957 साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. उभारलेल्या वास्तूवरील सत्ता हातची सोडणे, हेच स्वत्वाचे खरे विसर्जन होय. धन सोडण्याहून ते अवघड आहे.

बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आता 2024 पासून सुरू झाले आहे. इमारत सरकार बांधील. पण चिखली तालुक्यातील गरीब मुलीचे वसतिगृह, तिची पुस्तके, खामगाव-चिखलीच्या सडकेवरून येणाऱ्या रोग्याच्या नातलगांचा निवारा, यांस समाजातील धनवंतांचाच आधार लागणार. अमडापूरच्या बल्लाळदेवीस भक्तिभावाने वाहणाऱ्या हातांस आणि चिखली-खामगावच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांस माझी एवढीच विनंती आहे: या कामासाठी द्या, आणि दिल्यावर त्यावरील आपला हक्क सोडा.