समोरच उतरायचं

गोराईला बोटीतून उतरलात की तिथल्या विपश्यना पॅगोड्याच्या आवारात सावली बघून बसा. घुमटाखालच्या दालनात साधकांनाच बसता येतं; आपल्याला बाहेरची जागा चालेल. पाठ ताठ, हात मांडीवर. श्वास मुद्दाम खोल घेऊ नका. येतोय, जातोय, एवढंच बघत राहा.

आता एक लहान विमान डोळ्यांपुढे आणा. सेस्ना १५२. दोन माणसांचं, इंजिन एकच. धावपट्टी सुटली आहे, नाक वर आहे, उंची ५०० फूट. आणि इंजिनाचा आवाज बसतो.

इथेच थांबा. मनात काय उठलं? बहुतेक तेच, जे अशा वेळी भल्याभल्यांच्या मनात उठतं: मागे फिरू. मागे धावपट्टी आहे, सपाट, लांब, ओळखीची. ही ओढ दाबू नका, तिला नावंही ठेवू नका. छातीत, खांद्यांत, कुठे जाणवते ते पाहा.

मग विमानाकडे या. नाक वर आणि ओढणारं कोणी नाही, त्यामुळे वेग काही सेकंदांत उतरतो. एका मर्यादेखाली गेला की पंख विमानाला पेलत नाहीत. याला वैमानिक स्टॉल म्हणतात. वळताना तो अधिक लवकर गाठतो: विमान ४५ अंश कललं तर स्टॉलचा वेग सुमारे एक पंचमांशानं वाढतो. शिवाय धावपट्टीच्या रेषेत परत यायला अर्ध्या वर्तुळाहून जास्त वळावं लागतं, आणि तेवढ्यात हातची उंची संपते. म्हणून शिकवतात ते असं: आधी नाक खाली, वेग ६० नॉटच्या आसपास, आणि मग समोर, फार तर थोडं डावी-उजवीकडे, जिथे जागा सापडेल तिथे. वारा नसेल तर ५०० फुटांवरून सव्वा किलोमीटरच्या आसपास तरंगत जाता येतं.

जमीन वर येतेय असं वाटत असताना नाक आणखी खाली करायचं, हे शरीराला पटत नाही. त्या न पटण्यापाशी थोडा वेळ बसा.

या मननाची मर्यादाही सांगायला हवी. १२ ऑक्टोबर १९७६ ला सांताक्रूझहून मद्रासला इंडियन एअरलाइन्सचं कॅरावेल निघालं. ठरलेल्या बोइंगमध्ये बिघाड निघाला म्हणून ते बदली दिलं होतं. उडताच उजवं इंजिन गेलं. हे दोन इंजिनांचं जेट. इथे परत फिरणंच योग्य, आणि वैमानिक फिरलेही. पण इंजिनातल्या कॉम्प्रेसरची चकती धातूच्या थकव्यानं तडकून फुटली होती. इंधनाची नळी तुटली, आग लागली आणि विमानाच्या नियंत्रणांना जोर पुरवणारं हायड्रॉलिक तेल जळून गेलं. विमानात ९५ जण होते. एकही वाचलं नाही.

त्या उड्डाणाचा क्रमांक १७१. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून उडताच कोसळलेल्या एअर इंडियाच्या विमानाचाही १७१, तारीखही १२. बघा, मन लगेच अर्थ लावायला धावलं. त्यालाही येऊ द्या, जाऊ द्या. आकड्यानं इंजिन बंद पडत नाही. सांताक्रूझला चकती तडकली होती. अहमदाबादला दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाला होता, असं प्राथमिक अहवाल सांगतो.

तेव्हा मन शांत असलं की माणूस वाचतो, असा समज घेऊन इथून उठू नका. शांत मनानं कॅरावेलची आग विझली नसती. मनाची तयारी कामाला येते ती हातात अजून काही उरलेलं असतं तेव्हा. सेस्नात बसलेल्याकडे ते असतं: थोडी उंची, थोडा वेग, समोरची जमीन.

आणि त्याचा निर्णय त्या क्षणावर सोडलेला नसतो. धावपट्टीच्या टोकाशी उभं असताना, इंजिन धडधाकट चालू असताना, वैमानिक म्हणून ठेवतो: अमुक उंचीखाली इंजिन गेलं तर मागे वळायचं नाही, समोरच उतरायचं. शिकाऊ असो की मुरलेला, हे त्यानं प्रत्येक उड्डाणाआधी नव्यानं म्हणायचं असतं.