भंगाराचा भाव आणि सायकलीची किंमत

सोलापूर हे गिरण्यांचे शहर. १८७७ साली सुरू झालेली ‘जुनी मिल’ आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांच्या भोंग्यांवर येथील दिवसरात्र ठरत असे. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई. त्या गिरण्या गेल्या. सायकली मात्र सगळ्याच गेल्या नाहीत. कुठे माळ्यावर, कुठे जिन्याखाली त्या गंजत पडून आहेत. बहुतेक साध्या, काळ्या. पण क्वचित एखादी नॉटिंगहॅमची रॅले, आसनसोलची सेन-रॅले, किंवा खाली वळलेल्या हँडलची शर्यतीची सायकलही निघते.

अशा सायकलींना आज गिऱ्हाईक आहे. पुण्यात विक्रम पेंडसे यांनी तर जुन्या सायकलींचे संग्रहालयच उभारले. हौशी माणसे जुनी सायकल शोधतात, दुरुस्त करतात आणि विकतात. यात गैर काही नाही. टाकून दिलेल्या वस्तूला पुन्हा रस्त्यावर आणणे हे चांगलेच काम आहे. आमच्या मनात प्रश्न उभा राहतो तो मात्र त्या कामाच्या आधीचा आणि नंतरचा.

आधीचा असा. वडील वारले, घर आवरायला काढले, सायकल भंगारात द्यायची ठरली. जाणकार माणूस दारात येतो. मागच्या चाकातले स्टर्मी-आर्चरचे तीन गतींचे हब आणि त्यावर ठोकलेला वर्षाचा आकडा त्याने पाहिलेला असतो. तरी तो म्हणतो, “लोखंडच आहे हो, किलोवर देऊन टाका.” घेताना मालाला नावे ठेवणारा आणि घरी जाऊन सौद्याची बढाई मारणारा हा गिऱ्हाईक नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायातही आहे, म्हणजे रोग जुना आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’मध्ये खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रश्न घेतला आहे. विक्रेत्याने दोष लपवू नये हे कोणीही सांगेल. पण ते पुढे जातात: एखादा अज्ञानाने सोने तांबे समजून विकत असेल आणि घेणाऱ्यास ते ठाऊक असेल, तर घेणारा अन्याय करतो आणि भरपाई करण्यास बांधील राहतो. फसवणुकीचे पाप नेहमी दुकानदाराच्याच गल्ल्यात शोधण्याची आपल्याला सवय. येथे बोट गिऱ्हाइकाकडे वळते.

यावर कोणी म्हणेल, ज्ञान मी कष्टाने मिळवले, त्याचे फळ मी का घेऊ नये? आक्षेप पोकळ नाही. गंजाने जाम झालेली काटर पिन रात्रभर तेलात भिजवून काढायची, चाकाच्या तारा एकेक ताणून चाक सरळ करायचे, बॉल-बेअरिंग बदलायची, कातडी सीट जपून मऊ करायची. महिना सहज जातो. वस्तूत सुधारणा करून ती अधिक किमतीला विकणाऱ्याचा नफा थॉमसही श्रमाचे मोल म्हणून मान्य करतात. परंतु हा श्रम सायकल घरी आणल्यानंतरचा आहे. दारात उभे राहून “लोखंडच आहे” म्हणण्यात कोणता श्रम झाला? तेथे मिळणारा पैसा दुसऱ्याच्या न कळण्याचा असतो. दुरुस्त सायकलीची पूर्ण किंमत त्या घराला द्यावी असे आम्ही म्हणत नाही. पण हातात काय आहे हे त्यांना सांगावे, आणि मग भाव करावा. सांगितल्यावर ते सायकल दुसऱ्याला देतील, किंवा वडिलांची आठवण म्हणून ठेवूनही घेतील. हे नुकसान खरे आहे, आणि सोसणे सोपे नाही.

आता नंतरचा प्रश्न. रंग ही फार सोयीची गोष्ट. चिमट्याला गेलेली बारीक चीर एका हातात झाकते; ती उतारावर उघडी पडते. थॉमस एका डोळ्याच्या घोड्याचे उदाहरण देतात: दोष उघड दिसत असेल आणि किंमत त्या मानाने कमी असेल, तर बोलून दाखवण्याची सक्ती नाही, छुपा, धोक्याचा दोष मात्र सांगितलाच पाहिजे. ओरखडे गिऱ्हाईक स्वतः पाहील. पोलादी रिमवर पावसात ब्रेक नीट लागत नाही, हे नवख्याला दिसत नाही.

त्याहून नाजूक बाब नावाची. ‘रेनॉल्ड्स ५३१’ ही १९३५ साली बाजारात आलेली नामांकित पोलादी नळी. तिची चिकटपट्टी आज नव्याने छापून मिळते आणि कुठल्याही सांगाड्यावर बसते. पट्टी खोटे बोलू शकते. सीटच्या दांडीचे माप घेतले की बहुधा खरे कळते. सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. २००५ साली सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले ते याचसाठी, की कुठेही विणावे आणि सोलापूरचे नाव लावावे हे चालू नये.

मग चाके एका सायकलीची, हँडल दुसरीचे, रंग नवा, अशी सायकल ‘मूळ’ म्हणावी का? आमच्या मते भाग बदलले म्हणून सायकल खोटी होत नाही. गिरणीत जाणाऱ्यांनीही वेळोवेळी टायर, चेन, पायडल बदललेच होते. कोणता भाग कधीचा, एवढे एका कागदावर लिहून सायकलीबरोबर द्यावे. त्या कागदामुळे भाव थोडा उतरेल. आणि ज्या घरातून ती आली ते घर हयात असेल, तर कागदाची एक प्रत तिकडेही जावी, विकल्या किमतीच्या आकड्यासह.