ढळत्या स्वराचे चित्रण

कलावंताची उतरती कळा जतन करून ठेवावी काय, आणि ठेवली तर ती लोकांसमोर मांडावी काय, हा प्रश्न ध्वनिचित्रमुद्रणाच्या पूर्वी फारसा उद्भवत नसे. आवाज गेला की मैफली थांबत, आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणीत चांगले तेवढे उरे. एल्विस प्रेस्ली या अमेरिकन गायकाच्या 'एल्विस इन कॉन्सर्ट' या कार्यक्रमपटाने मात्र हा प्रश्न मोठ्या निष्ठुरपणे पुढे आणला.

सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने १९ जून १९७७ रोजी ओमाहा येथे व २१ जून रोजी रॅपिड सिटी येथे त्याचे कार्यक्रम चित्रित केले. १६ ऑगस्टला तो वारला. ३ ऑक्टोबरला, म्हणजे मृत्यूला सात आठवडेही उलटले नसताना, हा पट दाखविण्यात आला. वय अवघे ४२. पण पडद्यावर दिसतो तो सुजलेल्या चेहऱ्याचा, घामाने निथळणारा, अकाली म्हातारा झालेला माणूस. 'आर यू लोनसम टुनाइट' या गाण्यातील गद्य भाग त्याला धड म्हणवत नाही. तो हसण्यावारी नेतो. जानेवारी १९७३ मध्ये होनोलुलूहून उपग्रहाद्वारे प्रक्षेपित झालेला त्याचा कार्यक्रम ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा तोच गायक हे पटणे कठीण. निराशा होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु ही निराशा कोणत्या अधिकाराने? तिकीट काढणाऱ्यास चांगले गाणे मागण्याचा हक्क आहे. चिरतारुण्य मागण्याचा नाही. नवल असे की, प्रत्यक्ष सभागृहातील श्रोते जल्लोष करताना दिसतात. बालगंधर्वांना उतारवयात ऐकणाऱ्या आपल्याकडील रसिकांची आठवण येथे व्हावी. निराश होतो तो आपण, दूर बसून जुन्या चित्रांशी ताडून पाहणारा प्रेक्षक.

चित्रणास गायकाची संमती होती, हा युक्तिवाद कायद्यात बसेल. पण जिवंत माणूस संमती देतो ती पुढील कार्यक्रम बरा होईल या आशेवर. मृताला पुढील कार्यक्रम नसतो. म्हणून ते प्रक्षेपण त्या घाईने व्हावयास नको होते, असे आमचे मत आहे. अर्थात, पटाच्या अखेरीस त्याचे वडीलच जनतेचे आभार मानतात. तेव्हा सारा दोष कंपनीच्या माथी मारणेही सोपे नाही.

पुढे वारसांनी हा पट अधिकृतपणे विक्रीस काढला नाही. त्यामागील संकोच आम्ही समजू शकतो. शासकीय दप्तरात 'गोपनीय' असा शेरा असलेल्या कागदांतही पुष्कळदा गुपित नसते, नुसती लाज असते. परंतु झाकताना काय काय झाकले जाते, हेही पाहिले पाहिजे. रॅपिड सिटीच्या त्याच रात्री एल्विसने स्वतः पियानोवर बसून 'अनचेन्ड मेलडी' म्हटले. मूळ प्रक्षेपणात ते नव्हते. पुढे ते लोकांपुढे आले, आणि २०२२ मधील 'एल्विस' या चित्रपटाच्या अखेरीस तर जगभर पाहिले गेले. शरीर तेच, घाम तोच. एक सहकारी ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडाजवळ धरून आहे. आणि तो थकलेला गळा वरच्या स्वरावर जातो, तेथे ठरतो, मग तो बाजूला पाहून लहान मुलासारखा हसतो.